शहाण्णव मेलेली झाडं

“मॅडम, बस एक साइन. पाँच मिनट का काम है,” माथुरसाहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली.

फाइलमध्ये एकच टाइप केलेला कागद होता. मी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली आहे, सोबतच्या यादीतली शहाण्णव झाडं पूर्णपणे मेलेली आहेत आणि लोकांच्या जिवाला धोकादायक आहेत, असं मी प्रमाणित करते. खाली माझं नाव, हुद्दा आणि सहीसाठी रिकामी जागा. जागेवर मी पाऊलही ठेवलं नव्हतं.

“सर, मैंने तो ये पेड़ देखे ही नहीं.”

“मैंने देखे हैं. किसी पर एक पत्ता नहीं.”

“तो मैं कल देख आती हूँ.”

मी दहा दिवसांची रजा मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

आधी मी कोण ते सांगते. मी वनस्पतिशास्त्रज्ञ. नोकरी केंद्र सरकारची, मूळ ऑफिस दुसऱ्या शहरात. त्या काळात मी दिल्लीत डेप्युटेशनवर होते. डेप्युटेशन म्हणजे एका खात्याने दुसऱ्या खात्याला काही वर्षांसाठी उसना दिलेला माणूस. उसन्या माणसाला चांगलं वागवतात, पण तो परत पाठवता येतो हे कुणी विसरत नाही.

माथुरसाहेब त्या दुसऱ्या ऑफिसचे प्रमुख. शहरातल्या बऱ्याच बागा आणि जंगलाचे काही तुकडे आमच्याकडे होते. त्यातला एक रिजवरचा. रिज म्हणजे अरवली डोंगराचं दिल्लीत शिरलेलं टोक. या तुकड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सहाशे वर्षांपूर्वी तिथे सुलतानाची शिकारगाह होती. सुलतान हरणांच्या मागे घोडा घालायचा आणि दमला की दगडी कोठीत विसावा घ्यायचा. ती कोठी आता पडकी आहे, पाणी अडवायचा बांधही मोडका आहे, पण दोन्ही आहेत. पुढे इंग्रजांनी रिजवर विलायती कीकर लावली. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. ती अशी माजली की मूळची झाडं एकेका कोपऱ्यात उरली.

स्वातंत्र्यानंतर हे जंगल राखीव झालं. राखीव जंगलात जिवंत झाड तोडायचं तर कमिटी बसते, परवानगी लागते, बदल्यात नवी झाडं लावावी लागतात. मेलेल्या झाडाला यातलं काही लागत नाही. ते कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून काढून टाकता येतं. त्यासाठी हवं असतं एका तज्ज्ञाचं सर्टिफिकेट. तज्ज्ञ मी होते.

आता ही शहाण्णव झाडं एकदम धोकादायक का झाली? कोठीजवळ ‘हेरिटेज प्लाझा’ व्हायचा होता. फरशा, दिवे, कारंजं. उद्घाटनाला मंत्री येणार होते. नकाशावर जिथे मोटारींचं पार्किंग दाखवलं होतं, नेमकी तिथलीच शहाण्णव झाडं मेली होती. त्याच्या बाहेर एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जंगलात गेले. फाटकावर रामफल भेटला. तो तिथला चौकीदार. शेजारच्या गावातलाच, रिटायर व्हायला आलेला. त्याच्या वडिलांनी याच उतारावर बकऱ्या चारल्या होत्या. मी त्याला रामफलजी म्हणायची, कारण जंगलातलं मला जेवढं पुस्तकातून माहीत होतं, त्याहून जास्त त्याला चालून माहीत होतं.

कोठीच्या मागच्या उतारावर प्रत्येक झाडावर पिवळ्या रंगात आकडा घातलेला होता. एक ते शहाण्णव. झाडं मी लगेच ओळखली. सगळी धौची होती.

धौ म्हणजे आपल्या धावड्याचा चुलत भाऊ. खास अरवलीचं झाड. साल राखाडी, गुळगुळीत. फांद्या बारीक, खाली झुकलेल्या. वाढ अतिशय सावकाश. दिल्लीत असा एका जागी धौचा झुबका मी दुसरीकडे फारसा पाहिला नव्हता. सुलतानाच्या वेळी हा सगळा डोंगर याच झाडाने भरलेला असणार. या झाडाची एक सवय आहे. थंडी सरता सरता ते सगळी पानं टाकून देतं आणि पावसापर्यंत तसंच उघडं उभं राहतं. पाणी वाचवायची ही त्याची रीत. आपल्याकडे सावर नाही का, फुलायच्या आधी खराट्यासारखी दिसते!

“मैडम, इनको मरा हुआ किसने लिखा?” रामफलने विचारलं.

“ऑफिस ने.”

“ऑफिस चैत में आया होगा,” तो म्हणाला. हसला नाही.

तसंच झालं होतं. इंजिनीअरिंग सेक्शनचा एक सुपरवायझर जीपमधून आला, पान नसलेली झाडं मोजली, माणसाकडून आकडे रंगवून घेतले आणि गेला. त्याच उतारावर बाजूला वेडी बाभूळ उभी होती. ती बारमाही हिरवी. तिच्यापुढे सुपरवायझरच्या मोजणीत शेरा होता, ‘हेल्दी’. बाहेरून आणून लावलेलं झाड निरोगी, आणि डोंगराचं स्वतःचं झाड मेलेलं.

झाड जिवंत आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खिशातला चाकू पुरतो. कोवळ्या फांदीची साल नखाएवढी खरवडायची. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर झाड जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर ती फांदी मेलेली. मग दुसऱ्या बाजूची बघायची, मग खोडाजवळची. सगळीकडे कोरडं असेल तरच झाड मेलं म्हणायचं. घरी कुंडीतल्या गुलाबावरसुद्धा हे करून बघता येतं.

मी एक नंबरच्या झाडापासून सुरुवात केली. हिरवं. दोन, हिरवं. तीन, हिरवं. रामफल फांदी वाकवून धरायचा, मी खरवडायची आणि वहीत लिहायची. झाडाचा नंबर, खोडाचा घेर, कोठीच्या भिंतीपासून किती पावलं, जिवंत की मेलेलं. पुरे दोन दिवस लागले. शहाण्णवपैकी चार झाडं मेलेली निघाली. त्यातल्या दोन झाडांवर वीज पडलेली असावी.

ऑफिसात येऊन मी कार्बन घालून तीन प्रती काढल्या, प्रत्येकीवर सही-शिक्का मारला. एक फाइलला लावली, एक माझ्याकडे ठेवली आणि एक रामफलला दिली, कारण नंबर ताडून बघायचे तर त्यालाच बघायला लागणार होते. फाइलवर मी दोन ओळींचं नोटिंग केलं. चार झाडं मेलेली, ब्याण्णव जिवंत. सर्टिफिकेट देता येत नाही.

तासाभरात बोलावणं आलं.

“मॅडम, ये क्या लिख दिया? मंत्रीजी को क्या बोलूँ, पेड़ छुट्टी पर हैं?”

“सर, हर साल जाते हैं. जुलाई में लौट आते हैं.”

“उद्घाटन मई में है.”

मग त्यांचा आवाज मऊ झाला. ‘मेलेली’ न लिहिता ‘प्रथमदर्शनी मेल्यासारखी दिसणारी’ असं लिहा, म्हणाले. भाषा अशी ठेवायची की उद्या कुणी विचारलं तर तुमच्यावरही काही येणार नाही. मी म्हटलं, सर, मी दोन दिवस चाकू घेऊन फिरले आहे, आता प्रथमदर्शनी कसं लिहू?

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट जरा फिरवला. “आपका एक्सटेंशन इसी महीने आना है ना?”

एक्सटेंशन म्हणजे डेप्युटेशनची मुदतवाढ. ती मिळाली नाही तर मूळ ऑफिसला परत. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर माझ्या नावावर होतं. माझा नवरा विजय दिल्लीतल्याच एका शाळेत शिक्षक, आणि मुलगी रीना बारावीत जाणार होती. माथुरसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. मागच्या ख्रिसमसला ते आमच्याकडे केक खाऊन गेले होते.

घरी जेवताना मी सांगितलं.  विजय म्हणाला, “दुसरं कुणीतरी सही करेलच, सुमन. झाडं जायची ती जातीलच. आपलं घर मात्र जाईल.”

“मी केली तर माझ्या सहीने जातील.”

“ते कळतंय मला. मी फक्त म्हणतोय की रीनाचं वर्ष आहे.”

रीना दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदी. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, “मम्मी, तू साइन बिल्कुल नको करू. जिंदा आहे तर जिंदा आहे ना, यार.”

विजयला हसू आलं. “झालं! हायकोर्टाचा निकाल आला,” तो म्हणाला. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. मनातून तो घाबरलेला होता आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी अजूनही समजत होते की साहेबांना माहीत नाही म्हणून ते असं करताहेत. माणसाला डोळ्यांनी दाखवलं की पटतं, असा माझा तेव्हा विश्वास होता. मी त्यांना जागेवर यायची विनंती केली. नवल म्हणजे बुधवारी ते आले. पॉलिश केलेले बूट घालून उतार चढले. मी त्यांच्यासमोर दहा झाडं खरवडली. झाडं त्यांनाच निवडायला सांगितली, नंतर कुणी म्हणू नये की मी निवडली. दहाही हिरवी.

त्यांनी एका फांदीवरचा ओला थर बोटाने चाचपून पाहिला. बोट रुमालाला पुसलं.

“कमाल है,” ते म्हणाले. “ठीक है मॅडम. फाइल रोक देते हैं.”

जीपमध्ये बसताना त्यांनी माझं कौतुकही केलं. असे अधिकारी हवेत म्हणाले. मी इतकी खूश झाले की येताना रामफलला आणि ड्रायव्हरला जिलबी खाऊ घातली. आज तो प्रसंग आठवला की त्या जिलबीचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

दोन दिवसांनी गुड फ्रायडे. सरकारी सुट्टी. त्याला जोडून शनिवार-रविवार. दुपारी बारा ते तीन आम्ही तिघं चर्चमध्ये होतो. आमच्या नगरकडच्या घरात त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही, आणि ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या फाटकाशी रामफल उभा होता. जंगल सोडून तो इकडे कधी येत नसे. त्याच्या हातात माझी कार्बन कॉपी होती, घडी घालून घालून फाटायला आलेली.

“मैडम, काट दिए.”

त्याला घेऊन मी तशीच उलट फिरले. उतारावर अडतीस बुंधे उरले होते. जमिनीपासून हातभर वर सफाईने कापलेले. कडेला साल आणि लाकूड यांच्यामध्ये ओल होती आणि डिंकाचे थेंब आले होते. मेलेल्या झाडाला डिंक येत नाही. हे ज्यांनी कापलं त्यांनाही दिसलं असणार. खोडं ट्रकमधून गेली होती. पिवळे आकडे छातीच्या उंचीवर रंगवलेले, त्यामुळे तेही खोडांबरोबर गेले. कुठलं झाड कुठला नंबर, हे दाखवायला आता जागेवर काहीच नव्हतं.

मी खाली बसले. रडू आलं नाही.  कुणीतरी माझ्या तोंडावर मला मूर्ख म्हणून गेलं होतं, आणि त्यासाठी त्याने माझ्या प्रार्थनेचा दिवस निवडला होता.

रामफलने काय झालं ते सांगितलं. शुक्रवारी सकाळी दोन ट्रक आणि पंधरा-वीस माणसं आली. मशीनची करवत होती. त्याने ऑर्डर मागितली. ठेकेदाराने कागद दाखवला. शिक्का होता, सही होती. रामफल गप्प बसला. पण दुपारपर्यंत अडतीस झाडं पडली तेव्हा त्याला राहवलं नाही. तो पुढच्या झाडाला पाठ लावून उभा राहिला आणि खिशातली माझी यादी काढून ठेकेदारासमोर धरली.

“मैंने कहा, इसमें भी सरकारी मोहर है. इसमें लिखा है पेड़ जिंदा है. काटना है तो पहले लिखकर दो कि ये कागज झूठा है.”

ठेकेदार झाडांना भ्यायला नव्हता. दुसऱ्या शिक्क्याला भ्याला. माणसांना ट्रकमध्ये बसवून तो निघून गेला. पगारी चौकीदार, हातात साधी काठीसुद्धा नाही, आणि त्याने अठ्ठावन्न झाडं वाचवली.

मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले ती दार न ठोकता.

“सर, आपने कहा था फाइल रोक दी.”

“रोक दी ना. आपकी फाइल रोक दी. ये दूसरी फाइल है.”

दुसऱ्या फाइलमध्ये दुसरं सर्टिफिकेट होतं. एका खासगी सल्लागाराचं. तारीख गुरुवारची. मजकूर शब्द न् शब्द तोच, जो माझ्यापुढे टाइप करून आला होता. ‘स्वतः जागेवर जाऊन’ हेसुद्धा. रामफलने सांगितलं होतं की गुरुवारी फाटकातून कुणीही आत आलं नव्हतं.

“और मॅडम, ठूँठ से नई टहनी निकलती है, ये तो आप ही ने बताया था. फिर हो जाएँगे,” साहेब म्हणाले.

बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, हे मीच सांगितलं होतं. बुधवारी, उतारावरून खाली येताना, उत्साहाच्या भरात.

त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आवाज मोठा होता एवढं नक्की, कारण बाहेर टाइपरायटर थांबले होते.

त्या दिवशी मी तक्रार लिहायला घेतली. झाडांच्या बाबतीत देखरेख करणाऱ्या वरच्या कमिटीला थेट एक प्रत, साहेबांमार्फत एक प्रत. चार बुंध्यांच्या चकत्या कापून घेतल्या, ओल्या कपड्यात गुंडाळून पुरावा म्हणून जोडल्या. वहीत प्रत्येक झाडाचं भिंतीपासूनचं अंतर पावलांत लिहिलेलं होतं. त्यावरून अडतीसच्या अडतीस बुंध्यांचे नंबर मी पुन्हा लावले. विजयने दोन संध्याकाळी बसून सगळी तक्रार टाइप केली. स्वतःहून. उत्तर म्हणून मला आधी मेमो आला, वरिष्ठांना डावलून पत्रव्यवहार का केला याचा.

काम मात्र थांबलं. मे महिना गेला, उद्घाटन लांबलं. चौकशी अधिकारी आले ते ऑगस्टमध्ये. हातात यादी, सोबत माथुरसाहेब, मी आणि रामफल. सगळा उतार गच्च हिरवा होता. अधिकारी इकडेतिकडे बघत म्हणाले, “वो मरे हुए पेड़ किधर हैं?”

“सर, आप उन्हीं की छाँव में खड़े हैं,” मी म्हटलं.

माथुरसाहेबांनी घड्याळ बघितलं.

मला वाटलं, आता संपलं. आता याहून आणखी काय दाखवायचं? अहवाल आला. पार्किंग रद्द. उरलेल्या झाडांना हात लावायचा नाही. हे चांगलं झालं. पण अडतीस झाडांबद्दल काय, तर ‘दोन तज्ज्ञांमध्ये मतभेद होता, प्रक्रियेत त्रुटी राहिली.’ एवढंच. मतभेद! एकाने झाड पाहिलं आणि एकाने पाहिलं नाही, याला मतभेद म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. कुणालाही साधी ताकीद मिळाली नाही.

नाही, शिक्षा दोघांना झाली. चौकशी संपेपर्यंत मला थांबवून घेतलं होतं, पण माझी मुदतवाढ आली नाही. क्वार्टर सोडावं लागलं. विजय आणि रीनाने तिची बारावी मुनीरक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत काढली आणि मी हजार मैलांवरून दर रविवारी फोन करत राहिले. आणि रामफलवर ‘अधिकारकक्षेबाहेर जाऊन कामात अडथळा’ असा शेरा मारून त्याची बदली केली. कुठे, तर द्वारकेला. तेव्हा द्वारका म्हणजे अर्धवट बिल्डिंगा आणि धूळ. तिथे रस्त्याच्या दुभाजकावरच्या रोपांना टँकरने पाणी घालायचं काम त्याला दिलं. दिल्ली सोडण्यापूर्वी मी त्याला भेटायला गेले. तो पाइप हातात धरून उभा होता. मी माफी मागू लागले तर त्याने हाताने थांबवलं.

“आपने क्या किया? लिस्ट तो सही थी,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आठ महीने बचे थे, मैडम. वहीं कर लेने देते.”

 

माथुरसाहेब पुढे आणखी वरच्या जागेवरून निवृत्त झाले. मीही निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रीना दिल्लीतच असते. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा त्या जंगलात जाऊन आले. अठ्ठावन्नातली बहुतेक झाडं आहेत. कापलेल्या बुंध्यांना फुटवे आले, पण नीलगायी ते खात राहतात. इतक्या वर्षांनी ते माझ्या कमरेला लागतात. साहेब म्हणाले होते, फिर हो जाएँगे. माझ्या हयातीत तरी नाही. उताराच्या पायथ्याशी आता एक सुंदर पाटी आहे. या दुर्मीळ धौ वनाचं आमच्या विभागाने विशेष प्रयत्नांनी जतन केलं आहे, असं तीत लिहिलं आहे. रामफलचं नाव अर्थातच नाही.

नव्याने नोकरीला लागलेली मुलं-मुली कधी विचारतात, मॅडम, काही सल्ला? मी त्यांना एकच सांगते. साहेब तुमचं ‘हो’ नेहमी लेखी मागतात. तुम्ही त्यांचं ‘नाही’ लेखी घ्या, आणि ते सुट्टीच्या आधी घ्या.